ब्रदरनंच पैसे बुडवले तर? (वाचकांचे प्रश्न)

मागच्या अंकात फ्रीमेसनरीवर, म्हणजे एकमेकांना 'ब्रदर' म्हणणाऱ्या मेंबरांच्या जुन्या संघटनेवर लेख होता, लॉज (तिची स्थानिक शाखा) म्हणजे काय, आत बसून हे लोक करतात तरी काय, छावणीच्या गावांमध्ये लॉजच्या इमारतीला भूतबंगला का म्हणायचे वगैरे. त्यावर ढिगानं मेल आले. 'मेंबर कसं व्हायचं' आणि 'आत बळी देतात का हो' या दोन प्रकारच्या पत्रांना आत्ता उत्तर देत नाहीये (दुसऱ्याचं थोडक्यात: नाही, मीटिंगनंतर जेवण असतं आणि त्यात मटण असतं, तेवढंच). पण बरीचशी पत्रं खुद्द लॉजच्या मेंबरांची आणि त्यांच्या घरच्यांची होती आणि सगळ्यांचा सूर एकच, आपल्यातलाच एखादा वाईट वागला तर करायचं काय. नावं, गावं, लॉजचे नंबर काढून टाकलेत.

आधी एक सांगून ठेवतो. मी वकिली करतो, मेसन आहे आणि लॉजच्या सेक्रेटरीचं काम केलंय, पण इथे लिहितोय ते माझं मत, कुठल्याही ग्रँड लॉजचं (लॉजेसच्या वरच्या मध्यवर्ती संस्थेचं) नाही. आपल्याकडची बरीच लॉजेस १९६१ साली स्थापन झालेल्या ग्रँड लॉज ऑफ इंडियाखाली येतात, काही अजूनही इंग्लंड, स्कॉटलंडच्या ग्रँड लॉजकडे आहेत, त्यामुळे नियम थोडेफार बदलतात. तुमचं बुक ऑफ कॉन्स्टिट्यूशन (ग्रँड लॉजचं नियमांचं पुस्तक) आणि लॉजचे बायलॉज समोर ठेवूनच पुढचं वाचा.

प्रश्न: वकीलसाहेब नमस्कार. मी आमच्या लॉजचा सेक्रेटरी आहे. आमच्यातल्या एका सीनियर पास्ट मास्टरनी (लॉजच्या माजी प्रमुखांनी) चार-पाच ब्रदरकडून 'महिन्याला अडीच टक्के देतो' म्हणून मोठ्या रकमा घेतल्या. सुरुवातीला परतावा दिला, आता फोन उचलत नाहीत. वर्शिपफुल मास्टर (लॉजचे सध्याचे प्रमुख) म्हणतात घरातली गोष्ट आहे, बसून मिटवू. तेवढ्यात एकानं व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळे स्क्रीनशॉट टाकले आणि राडा झाला, दोन गट पडलेत. तरुण मंडळी म्हणतात पुढच्या मीटिंगलाच हात वर करून काढून टाका. काय करू?

उत्तर: सेक्रेटरीसाहेब, हात वर करून काही करू नका, त्यानं फक्त त्या गृहस्थांचा फायदा होईल, कसा ते पुढच्या प्रश्नात येतंय.

तुमच्या इथे तीन गोष्टींचा गुंता झालाय. बुडालेले पैसे परत मिळवणं ही एक, गुन्हा घडलाय का ही दुसरी आणि मेंबर म्हणून त्यांचं काय करायचं ही तिसरी. लॉजच्या हातात फक्त तिसरी आहे. लॉज वसुली करत नाही, करूही नये, आणि ज्यांचे पैसे अडकलेत त्यांनी 'आधी लॉजचा निकाल लागू दे मग बघू' म्हणून थांबायचं तर अजिबात नाही. उसन्या पैशाच्या दाव्याला साधारण ३ वर्षांची मुदत असते आणि ती मुदत काही तुमच्या मीटिंगच्या तारखा बघून थांबत नाही. भरपूर परताव्याचं आमिष दाखवून पाचजणांकडून पैसे गोळा केले असतील तर ते नुसतं उसनं राहत नाही, फसवणूक आली, भारतीय न्याय संहितेचं ३१८ कलम आलं, शिवाय अनियमित ठेव योजनांवर बंदी घालणारा २०१९ चा कायदा लागतो का तेही बघावं लागेल. त्या ब्रदरना सांगा, आपापले बँक स्टेटमेंट, चेक, मेसेज घेऊन वकिलाकडे जा, पोलिसात जायचं का ते तिथे ठरवा. आपल्या ब्रदरवर केस केली तर मेसनरीचा नियम मोडतो असं काहीजण सांगतात, ते खरं नाही. अँडरसनची १७२३ ची मेसनांची जुनी घटना, म्हणजे नियमावली आहे ना, त्यातसुद्धा एवढंच आहे की शक्यतो आपसात मिटवा आणि कोर्टात जायची वेळ आलीच तर राग-खुन्नस न ठेवता लढा. जाऊच नका असं नाही लिहिलेलं.

ग्रुपवरचे स्क्रीनशॉट आजच्या आज काढायला लावा. उद्या फसवणूक शाबीत व्हायच्या आधी बदनामीची केस उभी राहील आणि ज्याचे पैसे गेले तोच आरोपी होऊन बसेल, असं झालेलं मी पाहिलंय. ग्रुप फक्त मीटिंगची वेळ आणि जेवणाचा आकडा कळवायला ठेवा.

आता मास्टरसाहेबांचं 'बसून मिटवू'. ते अगदीच चुकीचं बोलत नाहीयेत. दोन ब्रदरमध्ये काही बिनसलं, जेवणाच्या टेबलावर कुणी जास्त घेऊन काही बोलून गेला, खुर्चीवरून मानापमान झाला, तर आधी एखाद्या वडीलधाऱ्या पास्ट मास्टरनी बाजूला घेऊन बोलायचं ही जुनी रीत आहे आणि चांगली आहे. बाहेर भांडण असलेले दोघं ते मिटवल्याशिवाय लॉजच्या दारातून आत येत नाहीत, ते यासाठीच. पण पाच घरांचे पैसे ही त्या जातीतली गोष्टच नाही. इथे 'बसून मिटवू' म्हणजे प्रत्यक्षात काय होतं तर दोन महिने जातात, ते गृहस्थ एकाला थोडे पैसे देऊन गप्प करतात, उरलेले चौघं एकटे पडतात आणि कागदावर काहीच नसतं. बसायचंच असेल तर बसा, पण काय ठरलं ते लिहून दोघांच्या सह्या घ्या.

लॉजची कारवाई लेखी तक्रारीनं सुरू होते. तक्रार ज्याचे पैसे गेले त्यानं करायची, ऐकीव माहितीवर तिसऱ्यानं नाही. त्यात अमुक तारखेला अमुक रक्कम, लॉजच्या जेवणानंतर गाडीत बसून मागितली, अमुक महिन्यापासून देणं बंद, असं लिहायचं. आपल्याकडे तक्रारीत नुसतं 'मेसनला न शोभणारं वर्तन' असं लिहून मोकळे होतात, त्याला कोण काय उत्तर देणार? तक्रारीची पूर्ण प्रत त्या गृहस्थांना पोचपावतीसह पाठवा, उत्तराला नियमातली मुदत द्या, एक दिवसही कमी नको. इंग्लिश नियमांवर बेतलेल्या लॉजमध्ये मेंबरला लॉजमधून वगळायचं म्हणजे एक्स्क्लूड करायचं तर लेखी नोटीस, तिच्यात आरोपांचा तपशील, मग गुप्त मतदान आणि हजर असलेल्यांच्या दोन तृतीयांशांचा ठराव लागतो. विषय समन्समध्ये (मीटिंगच्या छापील बोलावण्यात) छापलेला असला पाहिजे, आयत्या वेळचा विषय म्हणून चालणार नाही. त्यांचं म्हणणं पूर्ण ऐका, कितीही राग आला तरी मध्ये तोंड घालू नका, मिनिट्समध्ये त्यांचं म्हणणं त्यांच्या शब्दांत घ्या. पैसे ज्यांचे गेलेत त्यांनी मतदानाला बसू नये असं मी सुचवीन, कायद्यानं सक्ती नसली तरी.

आणि हे नीट लक्षात ठेवा, तुमचं लॉज त्यांना फक्त स्वतःच्या यादीतून वगळू शकतं. मेसनरीतून कायमचं काढणं, ज्याला एक्स्पेल करणं म्हणतात, ते ग्रँड लॉजचं काम. वगळलेला माणूस दुसऱ्या लॉजचा मेंबर असेल तर तिथे तो राहतोच, म्हणून रीजनल ग्रँड लॉजला (ग्रँड लॉजच्या विभागीय शाखेला) पहिल्याच आठवड्यात पत्र टाका, निकाल लागल्यावर नाही. बऱ्याचदा असंही होतं की नोटीस मिळाली की माणूस लगेच राजीनामा देतो आणि सहा महिन्यांनी दुसऱ्या गावच्या लॉजमध्ये 'जॉइनिंग मेंबर' म्हणून हजर. तिथल्या सेक्रेटरीनं क्लिअरन्स (आधीच्या लॉजचा दाखला) मागितला की तुम्ही सौजन्य म्हणून गुळमुळीत दोन ओळी लिहू नका, तक्रार चालू असताना राजीनामा दिला हे सरळ लिहा. त्या गावातही कुणाच्या तरी घरात एफडी मोडायला काढलेली असेल.

प्रश्न: आम्ही एका मेंबरला रीतसर काढलं, आता त्याची वकिलाकरवी नोटीस आलीये, सिव्हिल कोर्टात खेचतो म्हणतो. खासगी संस्थेच्या आतल्या निर्णयात कोर्ट पडू शकतं का?

उत्तर: यावर आपल्या सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे, आणि तो कुठल्या क्लबाचा-बिबाचा नाही तर थेट मेसनिक लॉजचा, तोही बेळगावच्या. दावर विरुद्ध लॉज व्हिक्टोरिया, नंबर ३६३, स्कॉटलंडच्या ग्रँड लॉजखालचं लॉज. निकाल डिसेंबर १९६२, लिहिणारे न्यायमूर्ती सुब्बा राव. बेळगावचं नाव आलं की आपली मंडळी लगेच दुसऱ्या केसवर जातात, पण ही केसही माहीत असायला हवी, कारण देशभरात कुठल्याही जिमखान्यानं किंवा असोसिएशननं मेंबर काढला की वकील हाच निकाल काढून वाचतात.

झालं असं की तिथल्या एका मेंबरवर मेसनिक गुन्ह्यांची तक्रार झाली, लॉजनं त्याला वगळलं, तो सिव्हिल कोर्टात गेला आणि प्रकरण चढत चढत दिल्लीपर्यंत पोचलं. कोर्टानं जे सांगितलं त्याचं सार असं. मेंबर नियमांनी बांधलेला असतो आणि त्याला काढायचं तर नियमात सांगितलेल्या पद्धतीनंच काढता येतं. लॉजलाही नियम काटेकोर पाळावे लागतात. कोर्ट अशा संस्थेच्या निर्णयावर अपील ऐकायला बसत नाही, म्हणजे मेंबर दोषी होता का हे नव्यानं तपासत नाही, पण संस्थेला अधिकारच नसेल, किंवा हेतू प्रामाणिक नसेल, किंवा बाजू मांडायची संधीच दिली नसेल तर तो निर्णय रद्द करू शकतं.

पूर्वग्रहाचा मुद्दाही तिथे निघाला होता. तक्रारीत गुंतलेल्यांनीच मतदान कसं केलं असं म्हणणं होतं. कोर्ट म्हणालं, असे लोक दूर राहतील असा नियम संस्थेनं करून ठेवला तर बरं, पण नियमच नसेल तर तेवढ्या कारणावर त्यांना अपात्र धरता येत नाही. अपील फेटाळलं गेलं, लॉजचा निर्णय टिकला.

तेव्हा तुम्हाला आलेली नोटीस बघून घाबरू नका आणि हवेतही राहू नका. तुमची फाईल काढा. तक्रारीची प्रत त्याला पोचल्याचा पुरावा आहे? समन्समध्ये विषय होता? मतांचे आकडे मिनिट्समध्ये आहेत आणि पुढच्या मीटिंगला ती मिनिट्स कन्फर्म झालीत? रीजनलकडे अपील करायची सोय होती आणि ती त्याला कळवली होती? या सगळ्याला हो असेल तर केस तुमच्या बाजूनं बरीच भक्कम आहे. एखाद्याला नाही असेल तर माझा अनुभव असा की अहंकार बाजूला ठेवून ठराव मागे घ्यावा आणि पहिल्यापासून नीट प्रक्रिया करावी, कोर्टात सहा-सात वर्षं घालवण्यापेक्षा ते स्वस्त पडतं. लॉज ट्रस्ट म्हणून नोंदलेलं असेल आणि तो मेंबर विश्वस्तही असेल तर मात्र वेगळं प्रकरण आहे, लॉजनं वगळलं म्हणून तो आपोआप विश्वस्तपदावरून गेला असं धरून चालू नका, ट्रस्ट डीड बघा आणि धर्मादाय आयुक्तांकडे चेंज रिपोर्ट द्यावा लागेल.

प्रश्न: माझे मिस्टर बरीच वर्षं लॉजमध्ये आहेत. त्यांच्या एका ब्रदरनी नोकरीच्या ठिकाणी पैशांची अफरातफर केलीये हे त्यांना त्या ब्रदरनीच सांगितलंय. मी म्हटलं तुम्ही गप्प कसे बसता, तर म्हणतात शपथ घेतलीये, ब्रदरचं गुपित बाहेर काढता येत नाही. रात्र रात्र झोपत नाहीत. खरंच अशी शपथ असते का?

उत्तर: ताई, शपथ असते, पण ती तुमचे मिस्टर सांगतायत तशी नसते, आणि त्यांनी ती पूर्ण आठवून बघावी. इंग्लिश पद्धतीच्या तिसऱ्या डिग्रीत (मेसन ज्या पायऱ्या चढतो त्यातल्या तिसरीच्या विधीत) ब्रदरनं विश्वासानं सांगितलेलं गुपित जपायचं वचन आहे, पण त्याच वाक्यात खून, देशद्रोह, गंभीर गुन्हा आणि कायद्याविरुद्धच्या बाकी गोष्टी स्पष्ट वगळलेल्या आहेत. हे रिच्युअल, म्हणजे विधीचा मजकूर, छापील मिळतं, त्यामुळे मी काही फार मोठं गुपित फोडतोय असं नाही. अफरातफर त्या वचनात बसत नाही.

गुपिताच्या नावाखाली पांघरूण घातलं तर कुठवर जातं याचं उदाहरण इटलीत आहे. प्रोपागांडा ड्यू, थोडक्यात पी-२, नावाचं एक लॉज होतं, चालवणारा लिचिओ जेल्ली. तिथल्या ग्रँड ओरिएंटनं (म्हणजे तिथल्या ग्रँड लॉजनं) १९७६ मध्ये ते लॉज निलंबित केलं, म्हणजे कागदावर विषय संपला, पण जेल्लीनं आपलं काम चालूच ठेवलं. मार्च १९८१ मध्ये पोलिसांनी त्याच्याशी संबंधित जागेवर धाड घातली तर ९६२ नावांची यादी सापडली, त्यात मंत्री, खासदार, लष्करी अधिकारी, गुप्तचर खात्याचे प्रमुख. काही आठवड्यांत सरकार पडलं. जेल्लीला मेसनरीतून काढलं ते त्यानंतर, १९८१ मध्येच, आणि पुढच्या वर्षी इटलीच्या संसदेनं कायदाच करून पी-२ बरखास्त केलं. जगभरातले मेसन अजून सांगत फिरतात की तो खरा मेसन नव्हता, ते खरं कॉन्स्टिट्यूशनल लॉजच नव्हतं. असेल, पण १९७६ ते १९८१ मध्ये ज्यांना माहीत होतं ते काय करत होते, हा प्रश्न मला तरी पडतो.

उलट उदाहरणही आहे आणि ते दोनशे वर्षांहून जुनं आहे. विल्यम डॉड नावाचा लंडनचा पाद्री १७७५ साली तिथल्या ग्रँड लॉजचा पहिला ग्रँड चॅप्लिन (प्रार्थना सांगणारा पदाधिकारी) झाला. दोन वर्षांनी त्यानं एका लॉर्डच्या नावानं ४,२०० पौंडांचा खोटा रोखा केला, पकडला गेला, ग्रँड लॉजनं त्याला काढून टाकलं आणि जून १७७७ मध्ये त्याला फाशी झाली. पद मोठं होतं म्हणून कुणी वाचवलं नाही. (फाशी मात्र जरा जास्तच झाली, त्या काळी लंडनमध्ये हजारो लोकांनी दयेच्या अर्जावर सह्या केल्या होत्या.)

मिस्टरांनी करायचं एवढंच. त्या ब्रदरला गाठून सांगायचं की मी हे पोटात ठेवणार नाही, तू स्वतः जाऊन वरिष्ठांना सांग, अमुक दिवसांची मुदत देतो. कायद्यानं काही ठराविक गुन्ह्यांची माहिती द्यायचं बंधन सगळ्यांवरच असतं, नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३३, सरकारी पैसा असेल तर ते जास्त गंभीर होतं, म्हणून मुदत संपायच्या आधीच एखाद्या फौजदारी वकिलाला कागद दाखवा. लॉजच्या मास्टरला सांगायचं ते नंतर. आणि त्यांना रात्री झोप लागत नाही म्हणजे ते आतून कुठल्या बाजूला आहेत ते तुम्हाला कळलंच असेल.

प्रश्न: आमच्या हॉलवर साफसफाई आणि स्वयंपाकाला असलेल्या बाईंशी एक मेंबर घाणेरडं बोलतो, अंगचटीला जातो. बाई मला म्हणाल्या, दादा काम जाईल, कुणाला सांगू नका. मास्टरांना सांगू का?

उत्तर: मास्टरांना जरूर सांगा, पण त्यांच्याकडे सोपवून मोकळे होऊ नका. लॉजच्या शिस्तीचा हा विषय नंतरचा, आधी बाईंचा हक्क. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाचा २०१३ चा कायदा हॉलवरही लागू होतो. दहापेक्षा कमी कामगार असतील तिथे अंतर्गत समिती नसते, अशा वेळी जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार जाते, आणि ती घटनेपासून ३ महिन्यांच्या आत करायची, सबळ कारण असेल तर अजून ३ महिने वाढवून मिळतात. बाईंना लिहिता येत नसेल तर लिहून द्यायला मदत करणं समितीचं काम आहे. पोलिसात जायचं तर तो मार्ग वेगळा खुला आहेच. तक्रार करायची की नाही ते बाईंना ठरवू द्या, तुम्ही ठरवू नका. तोवर त्या माणसाला हॉलच्या किचनकडे फिरकू देऊ नका आणि बाईंची ड्यूटी किंवा पगार एक रुपयानंही कमी होणार नाही हे मास्टरांकडून लेखी घ्या. आणि कृपा करून 'आपल्या लॉजचं नाव खराब होईल' हे वाक्य त्या बाईंसमोर कुणी बोलू नका.

प्रश्न: एक मास्टर पुढे मोठ्या घोटाळ्यात शिक्षा होऊन तुरुंगात गेले. हॉलमधल्या पास्ट मास्टर्सच्या बोर्डवर त्यांचं नाव सोनेरी अक्षरात आहे, खोडावं का? वाद चाललाय.

उत्तर: अमेरिकेत पोकिप्सी गावच्या सॉलोमन्स लॉजनं १७८१ साली बेनेडिक्ट अर्नोल्डचं नाव आपल्या मिनिट्समधून पुसून टाकल्याचं मानावं असा ठराव केला होता, तो जनरल शत्रूला मिळाला म्हणून. म्हणजे प्रथा जुनी आहे. पण माझं मत विचाराल तर बोर्ड हा सत्कार नाही, यादी आहे, त्या वर्षी खुर्चीवर कोण होतं एवढंच तो सांगतो. नाव राहू द्या. रंगारी बोलावून एक ओळ घासली की शेजारच्या दोन नावांचाही सोनेरी रंग जातो आणि नवीन मेंबर पहिल्या दिवशी विचारतो, काका इथे कोण होतं?

प्रश्न: आमच्या एका नव्या ब्रदरनं एप्रन आणि कॉलर (आमचा विधीचा पोशाख, रेगालिया) घालून हॉलबाहेरच्या रस्त्यावर रील केलं, वर गाणं लावलं. सीनियर लोक काढून टाका म्हणतायत. एवढं मोठं आहे का हे?

उत्तर: रस्त्यावर रेगालिया घालून फिरल्यावरून फार मोठं भांडण लंडनमध्ये एकदा झालेलं आहे. विल्यम प्रेस्टन हा मेसनरीवर लिहिणारा त्या काळचा नावाजलेला माणूस. २७ डिसेंबर १७७७ ला सेंट जॉनच्या सणाला त्याच्या लॉजची मंडळी फ्लीट स्ट्रीटवरच्या चर्चमधून समोरच्या मायटर टॅव्हर्नपर्यंत एप्रन घालून चालत गेली. चार पावलांचं अंतर, पण परवानगीशिवाय मिरवणुकीला बंदी होती. वाद पेटला, १७७९ ला प्रेस्टनला काढलं, त्याच्या बाजूच्यांनी वेगळी ग्रँड लॉज काढली आणि सगळं मिटून तो परत आला १७८९ ला. दहा वर्षं!

तेव्हा सीनियर मंडळींना सांगा, पोराला चहाला बोलवा आणि रील डिलीट करायला लावा. इंटरव्ह्यू घेताना त्याला हे कुणी सांगितलं होतं का तेही जरा विचारा, कारण आमच्या वेळी प्रपोजर (नाव सुचवणारा मेंबर) घरी येऊन तासभर बसायचा आणि काय करायचं नाही याची यादी तोंडपाठ म्हणून दाखवायचा, आता फॉर्मचा फोटो फॉरवर्ड होतो. परत केलं तर मग मास्टरनी समज द्यावी आणि तशी नोंद ठेवावी.